पऱ्हाटीचा धूर आणि रोडग्यांची पंगत

कापूस वेचून झाला की बुलडाणा जिल्ह्यात घराशेजारी उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग लागतात. चुलीची बेगमी होते. चुलीचा धूर कारखान्याचा नाही, झाडाचा आहे, म्हणून तो बाधत नाही, हा त्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. फुप्फुसाला हा भेद कळत नाही. पऱ्हाटी, तुराटी, गोवरी अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण सुटतात. ते नाकात न अडकता खोलवर उतरतात. घरात जळणाऱ्या लाकूडफाट्याचा धूर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवला आहे. विडीला कधी न शिवलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, जडतो तो याच वाटेने, आणि ‘वयाचा दमा’ म्हणून अंगावर काढला जातो.

मग गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगेही सोडायचे? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाचे झाले. धूर किती जवळून, किती वेळ, किती वर्षे घेतला, यावर अपाय ठरतो. रोडगे प्रसंगी होतात, तेही उघड्यावर. शिवाय मांस भाजताना निखाऱ्यावर ठिबकणारी चरबी धुरातली घातक द्रव्ये वाढवते, तसे कणकेचे होत नाही. (तूप नंतर पडते, त्याचा हिशेब हृदयरोगतज्ज्ञाकडे.) चूल मात्र रोज पेटते आणि फुंकणी धरणारीचे तोंड जाळापासून हातभरच दूर असते. त्यामुळे चूल अंगणात नेली तरी तिची सुटका अर्धीच. निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो निर्धोक, ही समजूत तर जीवघेणी: बंद खोलीतल्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही.

‘आमची आजी चुलीपुढेच नव्वदीला पोचली,’ हा आक्षेप कच्चा आहे. खोकत लवकर गेलेल्या आज्यांचे दाखले कोणी देत नाही. खरा आक्षेप 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा. भारतासह चार देशांतल्या सुमारे 3,200 गरोदर बायांपैकी निम्म्यांना गॅस मोफत दिला, तरी बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. पण गॅसवाल्यांच्या श्वासातले बारीक कण घनमीटरमागे 24 मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिले, चूलवाल्यांचे 70च्या. वीस-तीस वर्षांत झिजणाऱ्या फुप्फुसाचा निकाल काही महिन्यांच्या गरोदरपणात लागत नाही. 2016च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरात आणला, पण तो भरायला पैसे पडतात आणि पऱ्हाटी फुकट असते. मग चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. जास्त वेळ जाळ लागतो तो नेमका या दोन कामांना.