गटार मोठं केलं, पण पाणी साठणार कुठे?

मच्छीमार बांधवांनो, गोव्यातल्या आपल्या खाजनातली मानस कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात. तेवढा वेळ गावाकडून आलेलं पावसाचं पाणी आतल्या पोयीत थांबतं. ओहोटी लागली की दारं उघडतात, पाणी नदीला मिळतं.

शहरात पावसाचं पाणी थोपवायला साठवण तळं बांधतात, त्याचंही काम हेच. पण घोळ होतो तो हिशेबात. पाइपचा आकार ठरवताना पावसाचा सर्वात मोठा जोर बघतात, म्हणजे सेकंदाला किती पाणी येणार. तळ्यासाठी बघावं लागतं एकूण पाणी किती आणि ते किती वेळ अडणार. हे दोन हिशेब वेगवेगळे केले की फसलंच! तळं भरून पाइपच्या तोंडावर चढलं की पाइप कितीही रुंद असो, पाणी मागे फुगतं आणि वाड्यात शिरतं.

साधं गणित बघा. १ हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. मातीत त्यातलं काही मुरतं, काँक्रीटवरून बहुतेक सगळं गटारात येतं. त्याच वेळी उधाणाची भरती असली तर?

म्हणून नव्या गटाराचा नकाशा आला की ग्रामसभेत विचारा: पाणी साठणार कुठे? भरतीला तिथली पातळी किती धरलीय? भराव टाकून बुजवलेलं खाजन हिशेबातून वजा केलंय का? भरती-ओहोटीच्या वेळा आपल्याला तोंडपाठ आहेत, त्या नकाशातही यायला हव्यात.