माऊसच्या पोटातली गोळी

आपल्या शाळेच्या संगणकाचा माऊस पावसाळ्यात बिघडला होता हे तुम्हांला ठाऊकच आहे. तो कसा दुरुस्त झाला ते मी सांगणार आहे.

हा माऊस जुन्या पद्धतीचा आहे. हल्लीच्या माऊसखाली लाल उजेड दिसतो. याच्या खाली मात्र एक गोल झाकण आहे आणि त्यात गोळी आहे.

झाले असे, की पडद्यावरचा बाण डावी-उजवीकडे नीट जायचा, पण वर-खाली काही केल्या हलेना. आदल्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाचा नंबर होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "यानेच आपटला असणार!" तो काहीच बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून संगणकाच्या खोलीत यायचाच बंद झाला.

घरी मी बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "अरे, गाडी चालू होत नसली तर आपण लगेच इंजिन खोलतो का? आधी प्लग काढून पुसतो. तुम्ही तो पुसून तरी बघितला का?" खरेच, आम्ही पुसला नव्हता. मग बाईंना विचारून आम्ही चौघे कामाला लागलो.

साहित्य : कापसाचा बोळा, काडेपेटीतली काडी, प्रथमोपचार पेटीतले थोडे स्पिरिट, साबणाचे कोमट पाणी आणि स्वच्छ सुती फडके.

कृती : प्रथम संगणक बंद केला. मग माऊसची हिरवी गोल पिन काढली. अशा पिनेचा माऊस संगणक चालू असताना काढू किंवा लावू नये. माऊस उलटा केला. झाकणावर बाण कोरलेले असतात. त्या दिशेने झाकण फिरवले, तळहात खाली धरला, आणि टपकन गोळी हातात! दिसायला रबराची, पण वजनाला चांगली जड. आत लोखंड आणि वरून रबर असते.

आत डोकावलो तर तीन रूळ दिसले. एक उभा, एक आडवा आणि कोपऱ्यात एक छोटा. आपण माऊस सरकवतो तेव्हा गोळी टेबलावर घरंगळते आणि तिला टेकलेले रूळ फिरतात. उभा रूळ डावी-उजवीकडची हालचाल सांगतो, आडवा रूळ पुढची-मागची. तिसरा छोटा रूळ स्प्रिंगच्या जोरावर गोळीला त्या दोघांना चिकटवून ठेवतो.

आता गंमत बघा. उभा रूळ बराच स्वच्छ होता. आडव्या रुळावर मात्र काळ्या मळाचा पट्टा बसला होता, अगदी मनगटात कडे घालावे तसा! म्हणूनच बाण वर-खाली जात नव्हता. गोळी फिरायची, पण मळावरून नुसती घसरायची, रूळ काही फिरायचा नाही.

हा मळ कुठून आला? खडूची भुकटी, हाताचा घाम आणि कपड्यांचे तंतू. त्यात आपला पनवेलचा पाऊस! वह्यासुद्धा दमट होतात, मग धूळ चिकटून बसणारच. असा पट्टा एका दिवसात तयार होत नाही, त्याला कित्येक महिने लागतात.

काडीने हलक्या हाताने मळ खरवडला. स्पिरिटचा बोळा फिरवून रूळ पुसले. गोळीला मात्र स्पिरिट लावायचे नाही, रबर खराब होते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन अगदी कोरडी केली. माऊस उलटा धरून आतला भुगा झटकला. गोळी बसवली, झाकण लावले, संगणक चालू केला, आणि बाण सरसर वर गेला! आम्ही सगळे ओरडलोच.

आत काय चालते? : प्रत्येक रुळाच्या टोकाला बारीक फटी असलेली चकती असते. तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश ओळखणारा भाग असतो. फिरत्या सायकलच्या चाकातून पलीकडचा दिवा बघा, आऱ्यांमुळे तो दिसतो-लपतो. तसेच इथे होते. प्रकाश किती वेळा आला-गेला हे मोजून बाण किती सरकवायचा ते ठरते.

पहिला माऊस 1964 साली अमेरिकेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि बनवला बिल इंग्लिश यांनी. तो चक्क लाकडाचा होता! त्यात गोळी नव्हती, एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांना चालवून दाखवला. गोळीचे माऊस त्यानंतर पसरले आणि पुढे उजेडाचे आले.

आता शेवटचे. मळ महिनोन्‌महिने साठला होता, म्हणजे तिसरीतल्या त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. माऊस आम्ही सर्वांनी मिळून बिघडवला होता, खडूचे हात न धुता. मी त्याच्या वर्गात जाऊन सर्वांसमोर त्याची माफी मागितली. दुरुस्त झालेला माऊस पहिल्यांदा त्यानेच धरला. त्याने घराचे चित्र काढले.

आता दर शनिवारी गोळी काढून पुसायचे काम आमच्या गटाकडे आहे. तो मुलगाही आमच्या गटात आहे. ज्यांना बघायचे असेल त्यांनी जरूर यावे. मात्र येताना हात धुऊन यावे, बरं का!

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी