कॅटलॉग: दिसायचा की सापडायचा?

मशीन डिझाइनच्या सबमिशनच्या आदल्या रात्री बेअरिंगचा कॅटलॉग ह्या रूममधून त्या रूममध्ये फिरत असतो. त्याला सुंदर कुणी म्हणणार नाही. पण टेबल नीट बघा. पहिला कॉलम बेअरिंगच्या नंबरचा नसतो, आतल्या व्यासाचा असतो. कारण उघडणाऱ्याला नंबर कुठे माहीत असतो? त्याला फक्त आपला शाफ्ट माहीत! 25 मिमी शोधला की त्याच गटात 6005, 6205, 6305 सापडतात, बाहेरचा व्यास 47, 52, 62. बोट खाली न्यायचं, लोड रेटिंग वाढत जातं.

ह्या गोष्टीवर भरपूर डोकं चालवलेला माणूस म्हणजे लाडिस्लाव्ह सुटनार. हा चेक डिझायनर 1939 साली न्यूयॉर्कला गेला आणि तिथलाच झाला. 1941 पासून जवळजवळ वीस वर्षं तो स्वीट्स कॅटलॉग सर्व्हिसचा आर्ट डायरेक्टर होता. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोकांसाठी ही कंपनी निरनिराळ्या उत्पादकांचे कॅटलॉग एकत्र करून द्यायची. सुटनार एकेक पान सुटं धरत नसे, समोरासमोरची दोन पानं मिळून एक मांडणी करायचा. त्याच्याकडे रंग, रेघा, बाण हा मेकअप नव्हता. नजरेला वाट दाखवणारा हवालदार होता.

यंदा सुट्टीत काकांच्या ब्रास फिटिंगच्या वर्कशॉपचा सोळा पानी कॅटलॉग मी केला. प्रेसवाल्याने काळ्या पानावर सोनेरी अक्षरं सुचवली, काका एकदम खूश. मी विचारलं, "काका, तुमचं गिऱ्हाईक हे बघतं कुठे?" स्टोअरमध्ये, ट्यूबलाइटखाली, तेलकट हातांनी. मग झेरॉक्स काढून पर्चेसला पाठवतं. काळ्या पानाची झेरॉक्स काढून बघा एकदा! शिवाय ग्लॉसी कागदावर ट्यूब चमकते, म्हणून आत मॅट कागद घेतला.

खरी गंमत साइझची. अर्धा इंच बीएसपीचे बाहेरचे आटे वर्निअरवर साधारण 21 मिमी भरतात आणि अर्धा इंच म्हणजे तर 12.7! नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, चुकीची ऑर्डर देतो आणि माल परत येतो. म्हणून टेबलमध्ये एक कॉलम वाढवला, 'वर्निअरने मोजल्यास'. त्यासाठी फोटो लहान केले. कडेची जागा मात्र मोकळी ठेवली. (व्हाइट स्पेसला मराठीत काय म्हणतात ते मराठी विभागाच्या संपादकांनी सांगावं, आम्ही कॉन्व्हेंटवाले!) काका म्हणाले, "अगं, कागदाचे पैसे मोजलेत, जागा रिकामी कशाला?" म्हटलं, तिथे तुमची माणसं पेनाने रेट लिहितील.

कव्हर काळं-सोनेरीच आहे. तेवढं काकांचं.