मैत्री आणि प्रीती : एक व्यवच्छेदक निदान

दोन व्याधींची लक्षणे सारखी दिसली, की आपण डॉक्टर मंडळी व्यवच्छेदक निदानाचा आधार घेतो. मैत्री आणि प्रीती या व्याधी नव्हेत. परंतु ओढ, विश्वास आणि विरहाची हुरहूर ही लक्षणे दोहोंत आढळतात. निदान चुकले, तर होणारे दुःख मात्र खरे असते. स्नेहाला प्रीती समजून कुणी मागणी घालतो आणि नकारासरशी जिवलगच गमावतो. कुठे जोडीदाराच्या जुन्या मैत्रीवर संशय घेतल्याने घर दुभंगते.

या दोहोंतील भेद मेंदूतही दिसतो. लंडन येथे बार्टेल्स व झेकी यांनी २००० साली, प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना प्रिय व्यक्तीची आणि मित्रांची छायाचित्रे दाखवून एफएमआरआय चित्रण केले. मित्रांच्या तुलनेत प्रिय व्यक्ती पाहताना इन्सुला, कॉडेट न्यूक्लियस आदी भाग अधिक सक्रिय झाले. अमिग्डालाचे कार्य मात्र मंदावले. त्याआधी १९९९ मध्ये इटलीतील मराझिती यांना, नव्याने प्रेमात पडलेल्या २० जणांच्या प्लेटलेट्समध्ये सेरोटोनिन वाहून नेणारे प्रथिन ओसीडीच्या रुग्णांप्रमाणेच घटलेले आढळले. वर्ष-दीड वर्षाने ज्यांची फेरतपासणी झाली, त्यांच्यात ते पूर्ववत झाले होते. नमुने लहान असले, तरी प्रीतीच्या आरंभीच्या अवस्थेला ज्वराप्रमाणे चढउतार असतो, हा अनुभव त्यातून पुष्ट होतो. मैत्रीला असा ज्वर क्वचितच चढतो.

प्रयोगशाळेबाहेरची कसोटी सोपी आहे : तिसरी व्यक्ती आल्यावर काय होते? प्रीती अनन्यता मागते. मैत्री वाटल्याने वाढते. देवासचे कुमार गंधर्व आणि आपल्या इंदूरचे राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर गुरुजी व बाबा डिके यांचा स्नेह माळव्याला सुपरिचित आहे. गायक, संपादक, चित्रकार आणि नाट्यकर्मी अशा या चौघांत एकाच्या येण्याने दुसऱ्याचे स्थान उणे झाले नाही.

स्त्री-पुरुषांत अशी मैत्री संभवते का, हा प्रश्न आपल्या समाजात अजूनही दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे एक उत्तर सुनीताबाई देशपांडे यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिय जी. ए.’ या पत्रसंग्रहात आहे. पु. लं.बरोबर संसार करीत असतानाच धारवाडच्या एकांतप्रिय जी. ए. कुलकर्णी यांच्याशी त्यांनी पत्रांतून जिव्हाळ्याचा स्नेह जोपासला. आत्मीयता उत्कट होती, परंतु तिला स्वामित्व नको होते.

मानसशास्त्रज्ञ स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचे जवळीक, आसक्ती आणि बांधिलकी असे तीन घटक मांडले. जवळीक मैत्री आणि प्रीती या दोहोंत समान. आसक्ती हा प्रीतीचा विशेष. म्हणून मैत्री ही प्रीतीची अलीकडची पायरी ठरत नाही. आपल्या परंपरेतही नवविधा भक्तीत सख्याला दास्याच्या पुढचे, आठवे स्थान दिले आहे.

तेव्हा सल्ला मागण्यासाठी समोर बसलेल्या तरुणाला ‘ती नुसती मैत्री आहे’ असे सांगताना त्यातील ‘नुसती’ हा शब्द आपण वगळावा. आणि घरी परतल्यावर स्वतःलाही विचारावे : आरंभीचा ज्वर ओसरल्यावर आपण एकमेकांचे मित्र उरलो आहोत ना?