एका माइकसमोर तिघी, चौथीची जागा रिकामी

मायकेल जॅक्सनचा मागे मागे सरकत जाणारा तो नाच कोणाला आठवत नाही? जगाने तो प्रथम पाहिला अमेरिकेतील 'मोटाऊन' या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या सोहळ्यात. पण त्याच मंचावर त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. तिची चर्चा आपल्याकडे झाली नाही. ती गोष्ट आहे तीन मैत्रिणींची आणि त्यांच्यातल्या जुन्या दुखण्याची.

बेरी गॉर्डी हा कृष्णवर्णीय तरुण डेट्रॉइटमध्ये मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करीत असे. १९५९ साली त्याने घरच्यांनी मिळून जमवलेल्या फंडातून ८०० डॉलर कर्ज घेतले आणि रेकॉर्ड कंपनी काढली. एका साध्या घरातच स्टुडिओ थाटला. ज्या देशात काळ्या माणसाला अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, तेथे काळ्यांच्या मालकीच्या या कंपनीची गाणी गोऱ्यांच्या घरातही वाजू लागली. ही लहान गोष्ट नव्हे!

त्याच शहरातल्या ब्रूस्टर या सरकारी वसाहतीतल्या मुलींनी 'सुप्रीम्स' गाजवली. फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस. संचाची सुरुवात फ्लॉरेन्सपासून झाली. 'सुप्रीम्स' हे नावही तिनेच निवडले. १९६४ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत या संचाची १२ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मात्र मुख्य आवाज डायनाचा ठरला आणि बाकीच्या दोघी साथीला राहिल्या. १९६७ साली संचाचे नाव बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झाले. त्याच वर्षी फ्लॉरेन्सला बाहेर जावे लागले आणि तिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली. फ्लॉरेन्स दारू पिते, कार्यक्रम चुकवते, अशी तक्रार होती. पण आपणच उभे केलेल्या घरात आपली किंमत घटत चालली, हे दुःख तिने कोणापुढे मांडायचे?

निरोपाच्या वेळचे गाणे होते 'समडे वील बी टुगेदर', म्हणजे 'कधीतरी आपण एकत्र असू'. गंमत पाहा, त्या रेकॉर्डवर साथीला मेरी आणि सिंडी यांचे आवाजच नाहीत! दुसऱ्याच गायिका आणून ते ध्वनिमुद्रण केलेले होते. १९७० च्या जानेवारीत डायना वेगळी झाली आणि मोठी तारका बनली. फ्लॉरेन्सने कंपनीवर दावा लावला, तो ती हरली. तीन मुलींना घेऊन ती सरकारी मदतीवर दिवस काढू लागली. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी हृदयविकाराने ती गेली.

२५ मार्च १९८३. कॅलिफोर्नियातील पासाडेना शहर. सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी निधी जमवण्याचाही त्या सोहळ्यामागे हेतू होता. विदर्भातल्या आपल्या कितीतरी घरांना हा आजार ठाऊक आहे. डायना दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेलेली. तरी ती आली. मेरी आणि सिंडी तिच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि तेच निरोपाचे गाणे सुरू झाले. पण तिघींच्या एकत्र गाण्याची नीट तालीमच झाली नव्हती. मंचावर डायनाने मेरीला हलकेच ढकलले. मेरीने बेरी गॉर्डीला मंचावर बोलावले, तेव्हा डायनाने तिचा माइक खाली केला. पुढे बाकीचे कलावंत मंचावर आले आणि तिघींचे गाणे गर्दीत बुडाले. १६ मे रोजी सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. पण ढकलल्याचे दृश्य कापलेले होते. मेरीने १९८६ साली आपल्या आत्मकथनात मात्र सारे लिहून टाकले.

डायनाची मेहनत खोटी नव्हती. पुढे उभे राहणाऱ्यावर भार जास्त असतो, हेही खरे. पण मागे उभ्या राहणाऱ्या दोघींच्या आवाजाशिवाय ते पुढे उभे राहणे शक्य होते का? २००० साली पुन्हा एकत्र दौऱ्याची बोलणी झाली, ती मानधनावरून फिसकटली. डायनाने नंतर संचात आलेल्या दुसऱ्या दोघींना घेऊन दौरा काढला. तिकिटे खपेनात म्हणून तो मध्येच थांबला. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी मेरीही गेली. त्या जुन्या तिघी पुन्हा एकत्र गाण्याची वेळ आता कधीच येणार नाही.

वर्षांनंतर एकत्र येणे चांगलेच. पण मंचावर चढण्याआधी हिशेब बोलून मोकळे व्हावे लागते: कोणी सुरुवात केली, कोणाला किती मिळाले, कोणाचे नाव गळाले. ते न बोलता हातात हात घेतले, तर गाणे चालू असतानाही हात सुटतात. आणि जिने नाव दिले तिची जागा रिकामी राहिली असेल, तर निदान तिचे नाव तरी आधी घ्यावे.