ॲल्युमिनियमच्या इंजिनाला तडा : घाई नको, सफाई हवी



डिंगोरे, ओतूर भागात शेतावर जायला मोटारसायकल लागतेच. तिच्या इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. दगडाचा मार बसला किंवा ऑईलचा बोल्ट जादा आवळला, की त्याला बारीक तडा जातो आणि थेंब थेंब ऑईल गळते. काणाडोळा केला तर ऑईल संपून इंजिन जाम होते. थोडक्यात भागणारे काम हजारांवर जाते.

आधी गळती पॅकिंगची की तड्याची, ते पाहावे. इंजिन पुसून खडूची पूड लावावी व थोडा वेळ चालू ठेवावे. पूड जिथे प्रथम ओली होईल, तिथे खोट समजावी.

तडा बारीक असल्यास ऑईल काढावे. तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. चुरा आत जाऊ देऊ नये. तडा कानशीने थोडा रुंद करावा, थिनरने तेलकटपणा पूर्ण काढावा, मगच ऑईल व उष्णता सोसणारे दोन नळ्यांचे इपॉक्सी भरावे. पूर्ण एक दिवस गाडीला हात लावू नये. तेलकट जागेवर ते धरत नाही. बहुतेक कामे इथेच फसतात.

वेल्डिंग करायचे तर आर्गॉनचेच करावे. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांपुढे. शिवाय ते लाल न होताच ढासळते.

तडा बेअरिंगच्या जागी असेल, तर आम्ही स्पष्ट सांगतो, इपॉक्सीवर भिस्त ठेवू नका. जाणत्या मिस्त्रीला दाखवा.