अवकाशातल्या ताफ्याला रक्षक हवेत का?

उल्हासनगर स्थानकावर तुम्ही मुंबईकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत आहात. बदलापूरहून सुटलेली गाडी तुम्हाला दिसत नाही. पण अंबरनाथच्या फलाटावरून मित्राने "गाडी आली" असा फोन केला, की तुम्हाला ते आधीच कळते. समुद्रावर मोठ्या युद्धनौकेच्या पुढे चालणारी रक्षक नौका हेच काम करते.

पृथ्वी गोल असल्यामुळे २५ मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. पाण्याला लगटून सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र तिथे दिसले, तर हाती उरतो फक्त एक मिनिट. रक्षक नौका ३० किलोमीटर पुढे असेल, तर १६० सेकंद मिळतात. मात्र धोका रक्षकालाच अधिक. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात पहाऱ्यावरील 'शेफील्ड' या ब्रिटिश नौकेवर असेच क्षेपणास्त्र आदळले. त्यात २० जण मृत्युमुखी पडले.

शत्रूला लपायला दुसरी जागा म्हणजे पाण्याखाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र-नौका कराचीवर चालून गेल्या, तेव्हा 'किलतान' व 'कच्छल' या पाणबुडीविरोधी नौका त्यांच्या सोबत होत्या.

आता विज्ञानकथेकडे वळू. तिथे मुख्य यानाभोवती छोट्या रक्षक यानांचे कडे असते. पण मोकळ्या अवकाशात क्षितिज नाही आणि लपायला पाणीही नाही. माणसे राहतात ते यान सुमारे ३०० केल्व्हिन तापमानाचे, तर मागचे आकाश अवघे ३ केल्व्हिन! यानाचे अवरक्त किरण लांबूनही टिपता येतील. शिवाय रक्षकाने पुढे धावून ताफ्यात परतायचे, तर वेग वाढवताना आणि कमी करतानाही इंधन जाळावे लागेल. वेग आपोआप कमी करणारे पाणी तिथे नाही.

मग रक्षक निरुपयोगी का? नाही. चंद्र किंवा ग्रह आडवा आला की क्षितिज पुन्हा हजर! चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीचा संदेश थेट पोचत नाही. म्हणून ३ जानेवारी २०१९ रोजी 'चांग-अ ४' हे यान तिथे उतरवण्याआधी, २०१८ मध्येच, चीनने संदेश पोचवणारा उपग्रह पुढे पाठवला होता. अंबरनाथच्या फलाटावरचा मित्रच तो!

तेव्हा अशी कथा वाचताना विचारा, इथे आडोसा कोणता? आडोसा असेल तिथेच रक्षकाला काम.

आता एक उदाहरण सोडवा. क्षितिजाचे अंतर = √(२ × त्रिज्या × उंची). चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर आहे. तीच २५ मीटरची डोलकाठी चंद्रावर उभारली, तर क्षितिज किती दूर असेल? (उत्तर : सुमारे ९.३ किलोमीटर)